दोन ब्रेकची गाडी

सगळं बेट तिला ब्रेकबाई म्हणायचं, आणि तेही तोंडावर. गाडी चालवायला शिकवणं हा तिचा धंदा होता. तिच्या चिटुकल्या शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढंही एक जादा ब्रेक बसवलेला होता. शिकणाऱ्याची भंबेरी उडाली की बाईचा पाय तो मुकाट दाबायचा. पाय मुकाट असला तरी तोंड मुकाट नसायचं. "पट्टा!" हा तिचा पहिला धडा, मधला धडा आणि शेवटचाही. पट्टा लावल्याशिवाय ती कोणाला किल्लीला हात लावू द्यायची नाही. लग्नाच्या दिवशी नवऱ्यानं पट्टा लावेपर्यंत तिनं गाडी जागची हलू दिली नव्हती आणि पाहुणे ताटकळत उभे होते, असं तिची सासू अजून सांगते.

बेट एका अफाट तळ्याच्या मधोमध होतं. उन्हाळ्यात बोट चालायची. हिवाळ्यात तळं गोठायचं आणि बर्फावरून पलीकडच्या शहरापर्यंत गाड्यांचा रस्ता व्हायचा. हा रस्ता कोणी बांधत नसे. तो आपला आपण व्हायचा आणि आपला आपण नाहीसा व्हायचा. माणसांनी करायचं ते एवढंच, की बर्फ किती जाड आहे ते रोज मोजायचं आणि दोन्ही बाजूंना झाडांच्या फांद्या रोवून वाट दाखवायची. बेटाच्या बाजूनं हे काम तिच्या सासऱ्याकडं होतं. सकाळी उठून, खांद्यावर लांब गिरमिट टाकून तो बर्फावर जायचा, ठिकठिकाणी भोकं पाडायचा, आत पट्टी घालून जाडी बघायचा, आणि मग ठरवायचा की आज ट्रक जाईल, का नुसती मोटार, का कोणीच नाही. काठावर एक फाटक होतं. त्यानं ते वर केलं की रस्ता सुरू, खाली केलं की बंद, आणि त्याच्या शब्दापुढं बेटावर कोणी ब्र काढत नसे.

ब्रेकबाई मात्र काढायची. कारण बर्फावरचे नियम ऐकले की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बर्फावर पट्टा लावायचा नाही. काचा उघड्या ठेवायच्या, मग गारठ्यानं कान गळून पडले तरी बेहत्तर. दारं आतून बंद करायची नाहीत. पुढच्या गाडीच्या जवळ जायचं नाही, जोरात जायचं नाही, आणि काही झालं तरी मध्ये थांबायचं नाही.

"गाडी खाली गेली तर पट्टा सोडवत बसायला वेळ कुठला?" सासरा जेवता जेवता म्हणायचा.

"गाडी खाली जाईल अशा ठिकाणी जायचंच कशाला?"

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, सूनबाई."

"मी माशाशी कुठं करतेय, बाबा? तुमच्याशी करतेय."

"आधी जेवा दोघं," सासूबाई म्हणायच्या. "निवलं की पुन्हा मलाच तापवायला लावता."

गंमत अशी, की भांडल्याशिवाय या दोघांचं पान हलत नसे. नवरा समुद्रावरच्या बोटींवर कामाला, वर्षातले बरेच महिने लांब. घरात ही तीन मोठी माणसं आणि दुसरीत जाणारी चिमणी. पण लग्न होऊन बेटावर आल्यापासून ब्रेकबाईनं बर्फावर एकदाही चाक घातलं नव्हतं. हिवाळा आला की तिचं जग बेटावरच्या रस्त्यांपुरतं उरायचं, आणि तिला ते चालायचं.

त्या दिवशी चाललं नाही.

चिमणीच्या पोटात आदल्या रात्रीपासून दुखत होतं. सकाळी सगळ्यांनी ते शाळा बुडवायचं सोंग मानलं. जेवणाच्या वेळेपर्यंत ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली आणि तिचं अंग तापलं, तेव्हा सासूबाई नर्सला घेऊन आल्या. नर्सनं पोटावर उजव्या बाजूला नुसती बोटं टेकवली, तर पोर किंचाळली. नर्स वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अपेंडिक्स आहे. फुटायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. इथं माझ्या हातात काही नाही. अंधार पडायच्या आत ही पलीकडे पोचली पाहिजे."

फोनाफोनी झाली. हेलिकॉप्टर धुक्यात उडणार नव्हतं. गेले काही दिवस हवा अवेळी उबदार झाली होती आणि तळ्यावरून असं धुकं उठत होतं की अंगणातलं झाड दिसू नये. शहरातली रुग्णवाहिका पलीकडच्या काठापर्यंत येऊन उभी राहणार होती, पण तिचं वजन बर्फाला झेपणारं नव्हतं. म्हणजे मधलं सगळं तळं ज्याचं त्यानं ओलांडायचं होतं.

सासरा दारात उभा होता. सगळे त्याच्याकडं बघायला लागले, कारण आता बोलायचं ते त्यानंच. त्यानं आत वळून पाहिलं. आत चिमणी कण्हत होती.

"बाबा, रस्ता कसा आहे?" ब्रेकबाईनं विचारलं.

"जड गाड्यांना बंद आहे."

"आणि माझी?"

त्यानं खिडकीतून तिच्या गाडीकडं पाहिलं. बेटावरची सगळ्यांत हलकी गाडी तीच. एरवी तो तिला पत्र्याचा डबा म्हणायचा. "तुझा डबा जाईल," तो म्हणाला. "मी येतो बरोबर. धुक्यात फांद्या शोधायला माझे डोळे लागतील."

"चाक माझ्या हातात राहील."

"राहू दे की. मी कुठं मागतोय?"

मग गाडी हलकी करायला सुरुवात झाली. जादा चाक काढलं, जॅक काढला, हत्यारांची पेटी काढली, टपावरची 'शिकाऊ' अशी पाटी काढली, पायाखालचे रबरी गालिचे काढले. सासूबाई स्वेटर घालून तयार होऊन आल्या, तर सासऱ्यानं हात आडवा केला.

"तू नको."

"का? माझं काय एवढं वजन आहे?"

"ते आता सगळ्यांसमोर नको सांगायला लावू."

एरवी या बोलण्यावर आठवडाभर अबोला झाला असता. सासूबाईंनी नुसती मान हलवली, अंगातलं स्वेटर काढलं, ते चिमणीच्या पांघरुणावरून गुंडाळलं आणि गाडीपासून दोन पावलं मागं सरकल्या. चिमणी मागच्या सीटवर, सासरा शेजारी, ब्रेकबाई चाकामागं बसली.

"बाबा, तुमच्या पायापाशी ब्रेक आहे," तिनं सांगितलं. "तिकडं पाय नेऊ नका."

"मी कशाला नेतोय? मला काय गाडी शिकायचीय?"

काठावर फाटक खाली होतं. सासरा उतरला, त्यानं ते वर केलं आणि परत येऊन बसला. बसताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. हे तिला तेव्हा खटकलं नाही. तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडं होतं, कारण जित्याची खोड, हात आपणहून पट्ट्याकडं गेला होता आणि त्यानं तो छातीवर निम्मा ओढलाही होता. तिनं तो सोडला. पट्टा सरकन वर गेला. पट्ट्याशिवाय गाडी पुढं घ्यायची तिची ही आयुष्यातली पहिली वेळ, आणि भर चौकात अंगावर कपडे नसल्यासारखं तिला झालं. काचा खाली केल्या. पुढची चाकं काठावरून उतरली, मग मागची.

चाकांचा आवाज बदलला. डांबर, खडी, चिखल, ओली पानं, कशावर चाक आहे हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. हा आवाज मात्र तिनं कधी ऐकला नव्हता. खाली कुठंतरी फार मोठी रिकामी खोली असावी आणि तिच्या छतावरून आपण चाललो आहोत, असा तो पोकळ घुमत होता.

"दुसरा गिअर. पुढं यातच राहा," सासरा म्हणाला. "गाडी चालली की बर्फाखाली पाण्याची लाट चालते. आपण जोरात गेलो तर ती काठावर आपटून परत येते आणि बर्फ फोडते. तिला तिच्या चालीनं जाऊ द्यायचं."

"बोलू नका, फांदी बघा."

"फांदी डावीकडं. दिसली?"

दिसली. धुक्यातून एक काळी फांदी निघाली, जवळ आली, मागं गेली. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी. दोन फांद्यांच्या मधे जगात काहीच नव्हतं. बर्फावर वितळलेल्या पाण्याचा पातळ थर साचला होता आणि त्यात धुक्याचं प्रतिबिंब पडलं होतं, त्यामुळं वर जे पांढरं तेच खाली. क्षितिज नाही, रस्त्याची कड नाही, चढ नाही, उतार नाही. आपण पुढं जातोय हे फक्त चाकांच्या आवाजावरून कळत होतं. रस्त्यावर नजर कुठं ठेवायची हे तिनं अर्ध्या बेटाला शिकवलं होतं. इथं नजर ठेवायला जागाच नव्हती.

थोडं पुढं वाऱ्यानं झाडून काढलेला एक पट्टा लागला. तिथं पाण्याचा थर नव्हता. बर्फ काचेसारखा स्वच्छ होता, आणि काळा होता, कारण त्यातून खालचं पाणी दिसत होतं. तिनं पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. बर्फात हवेचे बुडबुडे थरावर थर अडकून राहिले होते. पांढऱ्या भेगा उभ्याच्या उभ्या खाली उतरत गेल्या होत्या, एखाद्या खोल विहिरीच्या पायऱ्या दिसाव्यात तशा, आणि जिथं त्या संपत होत्या तिथून पुढं नुसता हिरवट काळोख होता. त्या काळोखावर तिची मुलगी मागच्या सीटवर पांघरुणात पडली होती. पायाखालची जमीन सरकली असं माणसं उगाच म्हणतात. इथं सरकायला जमीनच नव्हती.

आणि तेवढ्यात तळं बोललं. लांबवर डावीकडून एक आवाज सुरू झाला, जाड तार छेडल्यासारखा. तो धावत आला, गाडीच्या खालून गेला, तिच्या पायांना, मांड्यांना, चाकावरच्या बोटांना जाणवून गेला आणि उजवीकडं कितीतरी लांब जाऊन विरला. सगळं तळं एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत वाजलं होतं.

"आई, कोण ओरडलं?" चिमणीनं मागून विचारलं.

उत्तर सासऱ्यानं दिलं. "तळं आहे, बाळा. झोपेत कूस बदलतंय."

"त्याचंपण पोट दुखतंय?"

"असेल."

ब्रेकबाईला भीती वाटत होती. पण त्या भीतीच्या वर आणखी काहीतरी होतं आणि ते तिला नवीन होतं. तिच्या लेखी रस्ता म्हणजे माणसानं घातलेली गोष्ट. त्याला मालक असतो, पाट्या असतात, खड्डा पडला तर तक्रार करायला कचेरी असते. हा रस्ता कोणाचाच नव्हता. तो त्यांना जाऊ देत होता, इतकंच, आणि का देत होता ते कोणालाच माहीत नव्हतं. आपण एवढ्याशा आहोत हे तिला आजवर इतकं स्पष्ट कोणी दाखवलं नव्हतं. नवल म्हणजे त्यात कमीपणा वाटत नव्हता. तिचा श्वास आपोआप हळू झाला. देवळात लहान मुलं जसा आवाज खाली आणतात तसे तिचे हात चाकावर हलके झाले.

"फांदी?" तिनं विचारलं.

धुकं पुढं येत राहिलं, फांदी आली नाही.

"बाबा, फांदी कुठं आहे?"

तो समोर बघत होता. तिनंही पाहिलं. पुढं, पांढऱ्यावर, रस्ता आडवा कापत एक काळी रेघ गेली होती. फट. हातभर रुंद असेल. तिच्यातलं पाणी श्वास घेतल्यासारखं वर येत होतं आणि खाली जात होतं. आणि तिनं काही ठरवायच्या आत गाडी ओढली गेली, मागचा भाग गर्रकन बाजूला फिरला आणि सगळं पांढरं जग आडवं सरकू लागलं. तिनं सवयीनं क्लच दाबला, चाक सरकण्याच्या दिशेनं सैल सोडलं. गाडी आवाज न करता घसरत, वळत गेली आणि फटीच्या अलीकडं, तिच्याकडं कूस करून थांबली.

ब्रेक तिनं दाबला नव्हता.

तिनं शेजारी पाहिलं. सासऱ्याचा बूट त्या जादा पेडलवर होता. पाय लोखंडाच्या कांबीसारखा ताठ होता, दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या. आयुष्यभर बर्फावर चाललेला हा माणूस, आणि त्याचं तोंड धुक्याइतकं पांढरं पडलं होतं.

इंजिन सुरू होतं. बाकी चिडीचूप. आणि त्या शांततेत तिला बाहेरून बारीक आवाज ऐकू आला, भांड्यात पाणी चढावं तसा. तिनं उघड्या खिडकीतून खाली वाकून पाहिलं. चाकाभोवती पाणी जमत होतं. थांबलेल्या गाडीच्या वजनानं बर्फ खाली दबत होता.

"बाबा, पाय काढा."

पाय हलला नाही. ओठ हलले. "मी सकाळीच बंद केला होता," तो म्हणाला. "सगळ्यांना. मधल्या पट्ट्यात गिरमिट टेकवलं नाही तोच खालून पाणी वर आलं. गवंडी आला होता. त्याची आई पलीकडं दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतेय. म्हणाला, माझी छोटी गाडी आहे, एकटाच जातो, सामानही काढून ठेवतो, काका, तेवढं फाटक उघडा. मी म्हटलं, कुत्रंसुद्धा जाणार नाही. रडत परत गेला तो."

"मग मला का सांगितलंत, जाईल म्हणून?"

"ती कण्हत होती," सासरा म्हणाला.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. ओरडावं, त्याच्या गुडघ्यावर बुक्की मारावी, लाथेनं तो बूट उडवावा. दुसऱ्या कुठल्याही वेळी तिनं हे सगळं केलं असतं आणि वर सासूबाईंना जाऊन सांगितलं असतं. पण तिची नजर त्या पायावर गेली आणि राग जागच्या जागी थांबला. हा पाय तिच्या ओळखीचा होता. भर रस्त्यात ब्रेकवर थिजलेला पाय तिनं कितीतरी माणसांचा पाहिला होता, मागं गाड्यांच्या रांगा भोंगे वाजवत असताना. असा पाय ओरडण्यानं हलत नाही, उलट आणखी रुतून बसतो. बेटावरची सगळ्यांत तोंडाळ बाई या एका प्रसंगी कधीच ओरडत नसे, हे तिच्याकडं शिकून गेलेला कोणीही सांगेल.

"बाबा," ती इतक्या हळू म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं, "माझ्याकडं बघा. खाली नको, माझ्याकडं. पायाचं राहू दे, त्याचं आपण नंतर बघू. उजवी मूठ उघडा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मूठ उघडली. तळहातात नखांचे वळ उठले होते.

"शाब्बास. आता डावी. आता श्वास सोडा. घेऊ नका, नुसता सोडा."

त्यानं सोडला. बाहेर पाणी चढत होतं. ते ऐकू येत असताना तिनं घाई केली नाही. तिला आयुष्यात इतकं अवघड काही करावं लागलं नव्हतं.

"बुटात बोटं हलवून बघा. हलली? आता मागं तिला सांगा, गाडी का थांबली ते."

"आजोबा, पोचलो का आपण?" मागून क्षीण आवाज आला.

म्हाताऱ्यानं मान मागं वळवली. "नाही, बाळा," तो म्हणाला. "आजोबांचा पाय अडकला होता." आणि ते म्हणता म्हणता पाय वर आला. नुसता वर आला नाही, त्यानं दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि पुढ्यात पान वाढलं असावं तशी बुटांसकट मांडी घातली.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली. "फट कशी ओलांडायची? इथून पुढं मला काही येत नाही."

हे वाक्य तिनं आजवर कोणापुढं उच्चारलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत ओळख परत आली. त्यानं मान खिडकीबाहेर काढली, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.

"थोडी मागं घे, अलगद. चाक फिरू देऊ नकोस जागच्या जागी. हां. आता तोंड सरळ कर. फटीवर तिरकं जायचं नाही, दोन्ही चाकं एकदम गेली पाहिजेत. आणि मधे पाय उचलायचा नाही."

तिनं गाडी सरळ केली. फट समोर आली. पाणी वर आलं, खाली गेलं. ती कोणाला, कशाला, हे न ठरवता मनातल्या मनात म्हणाली, जाऊ दे आम्हाला. मग तिनं क्लच सोडला.

पुढची चाकं धप्पकन पलीकडं टेकली. फटीची पलीकडची कड खाली झुकली, गाडीचं नाक तिच्याबरोबर झुकलं, काचेवर पाणी उडालं. मग मागची चाकं आली, आणि त्यांच्यामागं त्या कडेचा तुकडा मोडल्याचा आवाज आला. ती थांबली नाही, आरशात पाहिलं नाही, गती वाढवली नाही. पाणी तिच्या चालीनं जात होतं आणि ती पाण्याच्या.

त्यानंतर धुकं विरळ झालं. एकदम नाही, पण आधी दोन फांद्या एकाच वेळी दिसल्या, मग चार, मग त्यांची सगळी रांग. वर सूर्याची फिकट चकती उमटली आणि तळं उघडं पडलं, चहूकडं, डोळा पोचेल तिथवर, पांढरं, निळं, मधे मधे पाण्यानं चकाकणारं. त्यावर माणसाची खूण म्हणाल तर त्या काड्यांसारख्या फांद्या आणि एक पत्र्याचा डबा. पुन्हा तो तारेचा आवाज आला, या वेळी समोरून, आणि गाडीखालून मागं बेटाकडं निघून गेला. ब्रेकबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला तिनं चाकावरचा हात काढला नाही.

"सूनबाई," सासरा मांडी न मोडता म्हणाला, "काठ."

काठावर रुग्णवाहिका दिवे लावून उभी होती. स्ट्रेचर घेऊन माणसं धावत आली, चिमणी आत गेली, ब्रेकबाई तिच्यामागं चढली. दार लागायच्या आधी तिला दिसलं, की सासरा गाडीतून उतरून त्याच्या जोडीदारापुढं उभा आहे. शहराच्या बाजूनं बर्फ मोजणारा हा माणूस, दोघांची मैत्री जुनी.

"तू तर सकाळी बंद कळवलं होतंस," जोडीदार म्हणत होता. "मग आलास कसा?"

"उद्यापासून बेटाकडच्या मापाला दुसरा माणूस बघा," सासरा म्हणाला.

"अरे पण झालं काय?"

"मला आता बर्फ दिसत नाही. नात दिसते."

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, फुटायच्या बेतात होतं, आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही सांगू शकलो नसतो. ब्रेकबाईनं बेटावर फोन केला, सासूबाई पलीकडून नुसत्या रडल्या. रात्रभर बाहेर वारा दवाखान्याच्या खिडक्या हलवत होता. ती मुलीच्या खाटेच्या कडेला डोकं टेकून झोपली.

उजाडल्यावर चिमणीनं डोळे उघडले, पाणी मागितलं, मिळालं नाही म्हणून तोंड वाकडं केलं, आणि विचारलं, "आजोबा कुठायत?"

ते रात्रीपासून आत आलेच नव्हते. ब्रेकबाई त्यांना शोधायला बाहेर पडली. व्हरांड्याच्या टोकाला एक मोठी खिडकी होती. ती तिथपर्यंत गेली आणि तिचे पाय थबकले.

बर्फ नव्हता. रात्रीच्या वाऱ्यानं तो सगळा फोडून काठाकडं लोटला होता. घराएवढे पांढरे ढिगारे काठावर एकमेकांवर चढले होते, आणि त्यांच्या पलीकडं पाणी होतं. करडं, जिवंत, लाटांवर लाटा, थेट आभाळापर्यंत. कुठं होता तो रस्ता, कुठं होती ती फट, बोट दाखवायला काही उरलं नव्हतं. याच्यावरून ती काल मुलीला घेऊन आली होती. तिनं दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली. किती वेळ ती तशी उभी होती, तिला कळलं नाही.

"तुमचे वडील का ते?" मागून जाणाऱ्या नर्सनं विचारलं. "रात्रभर शेवटच्या खोलीत बसलेत, त्या आजींपाशी."

शेवटच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. खाटेवर एक अगदी वाळलेली म्हातारी डोळे मिटून पडली होती आणि सासरा स्टुलावर पुढं वाकून बसला होता, तिचा हात दोन्ही हातांत धरून. ती गवंड्याची आई आहे हे ब्रेकबाईला कोणी सांगायची गरज पडली नाही.

"आलास?" म्हातारी डोळे न उघडता पुटपुटली. रात्रीपासून तिनं हे कितीदा विचारलं होतं कोण जाणे.

"आलो, आई."

"बर्फावरनं?"

"हो."

म्हातारीची बोटं त्याच्या हातावर आवळली. मग तिनं विचारलं तेच, जे बेटावरचं प्रत्येक माणूस बेटावरून आलेल्या माणसाला विचारतं. "कसा आहे बर्फ?"

खाटेमागच्या खिडकीत लाटा उसळत होत्या. सासऱ्यानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. बर्फाबद्दल तो आयुष्यात एकदाच खोटं बोलला होता, तेही काल.

"पक्का आहे," तो म्हणाला. "अजून महिनाभर टिकेल."

म्हातारीच्या कपाळावरची आठी सैल झाली. ब्रेकबाई आत गेली, खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिनं म्हातारीचा दुसरा हात आपल्या हातात घेतला.